शांतता आणि शांती



दिवसभर वैशाखाच्या उन्हाने तापलेल्या या सोलापुरात संध्याकाळी नाताळाच्या रात्रीविषयी बोलावयास उभे राहणे काहींना अप्रस्तुत वाटेल. त्यातून बोलणारा माणूस धर्मोपदेशक नाही, प्राध्यापक नाही. यंत्रमाग आणि विडीच्या कारखान्यांच्या दारांत उभे राहून ज्याचे केस पिकले असा कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे, हे पाहून तर त्यांचे आश्चर्य वाढेल. मी जन्माने ख्रिस्ती नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. परंतु दर वर्षी २५ डिसेंबरला जगभरच्या चर्चमधून जागतिक शांतीसाठी प्रार्थना होते, आणि दर वर्षी जगात कोठे ना कोठे युद्ध चालूच असते. मग त्या प्रार्थनेचा उपयोग काय, हा प्रश्न आमच्या संघटनेच्या बैठकीत जितका योग्य ठरेल तितकाच या व्यासपीठावरही योग्य आहे. तो इतिहासाला विचारावा आणि इतिहास काय उत्तर देतो ते पाहावे, एवढाच आजचा माझा हेतू आहे.

प्रारंभी दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. आपल्या मराठीत 'शांतता' आणि 'शांती' असे दोन शब्द आहेत, आणि ते एक नव्हेत. सभेत गोंगाट झाला की अध्यक्ष 'शांतता, शांतता' म्हणतात. चौकाचौकांतून पोलिसांची गाडी फिरते ती 'शांतता राखा' असे बजावीत. पण एखादा माणूस गेला तर आपण त्याच्या आत्म्यास शांती लाभो असे म्हणतो. शांतता लाभो असे कोणी म्हणत नाही. शांतता हुकुमाने होते. तिला एक शिट्टी किंवा एक लाठी पुरते. शांती हुकुमाने होत नाही. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी नाताळाच्या कथेत जो शब्द योजिला, तो 'शांती' हा होय. मला जे सांगावयाचे आहे ते सारे या दोन शब्दांच्या भेदात आहे.

नाताळाची मूळ कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. आपण सारे ती गव्हाणीपासून सुरू झाली असे समजतो. पण लूकने ती सुरू केली आहे सम्राटाच्या हुकुमापासून. रोमचा सम्राट ऑगस्टस याने सर्व प्रजेची नावनिशी करण्याची आज्ञा काढली, म्हणून योसेफ आणि त्याची गर्भवती पत्नी मरिया यांना बेथलेहेमला जावे लागले. या नोंदणीच्या सालाविषयी इतिहासकारांत वाद आहे. इ. स. ६ मध्ये यहूदियात रोमन अधिकाऱ्यांनी करासाठी नोंदणी केली आणि तिच्याविरुद्ध गालीलचा यहूदा बंड करून उठला, हे मात्र इतिहासात नमूद आहे. गरिबाला नोंदणीची भीती का वाटते, हे कष्टकऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. वहीत नाव चढले की कर आला, आणि हजेरीही आली.

हा ऑगस्टस स्वतःला शांतीचा दाता म्हणवीत असे. रोममध्ये जॅनस देवाच्या मंदिराची दारे युद्धकाळात उघडी आणि युद्ध नसताना बंद ठेवण्याचा प्रघात होता. आपल्या कारकीर्दीत ती तीनदा बंद झाली याचा त्याला मोठा अभिमान होता. इ. स. पूर्व ९ मध्ये रोमच्या सिनेटने त्याच्या सन्मानार्थ शांतीदेवतेची संगमरवरी वेदी अर्पण केली. ती आजही रोममध्ये पाहावयास मिळते. ही शांतता खोटी नव्हती. रस्ते सुरक्षित झाले, व्यापार वाढला. परंतु ती तलवारीच्या धारेवर उभी होती आणि जिंकलेल्यांच्या करावर पोसली जात होती.

लूकने या सम्राटाच्या नावासमोर कोणाला उभे केले? मेंढपाळांना. देवदूतांनी शांतीचे वर्तमान राजवाड्यात सांगितले नाही, मंदिरातही सांगितले नाही. रानात रात्री कळपाची राखण करणाऱ्या माणसांना सांगितले. आमच्या भाषेत बोलावयाचे तर ती रातपाळीची माणसे होती. सोलापूर जिल्हा धनगरांचा. पावसाळा सरला की मेंढरे घेऊन मुलुख पालथा घालणारी माणसे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. गावाच्या वहीत त्यांचे नाव शेवटी असते आणि संशयितांच्या यादीत पहिले. अशा माणसांच्या हाती शांतीचे वर्तमान प्रथम आले, ही या कथेतील खरी गोष्ट आहे. एक शांतता सम्राटाची, वरून खाली येणारी. एक शांती मेंढपाळांची, खालून वर जाणारी. पुढील दोन हजार वर्षांत ख्रिस्ती जगाने या दोन्ही चालविल्या, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या एकाच आयुष्यात चालविल्या.

आपल्या मराठीतला पहिलाच मोठा दाखला पाहा. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तेथेच राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्माची कथा आहे. बेथलेहेमची ती रात्र मराठी ओवीत आली ती अशी. परक्या मुलखातल्या माणसाने आपल्या भाषेचा महिमा गावा आणि आपल्या पुराणांच्या घाटात आपली कथा सांगावी, हे मेंढपाळांच्या शांतीचेच काम होते. पण त्याच साष्टीत, देवळे पाडली गेल्यामुळे संतप्त झालेल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइटांना ठार मारले. आणि पुढे बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळीच्या गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होता. एका बाजूला ओवी, दुसऱ्या बाजूला किल्ला. मराठी मुलखात नाताळ आला तो या दोघांच्या मधून आला, हे विसरता येत नाही.

सोलापूरला ज्यांनी ख्रिस्ती शाळा आणि चर्च आणले त्या अमेरिकन मराठी मिशनची कथाही युद्धातच सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे तरुण अमेरिकन फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई बंदरात उतरले. त्याच्या आठच महिने आधी अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपले होते. कंपनी सरकारच्या दृष्टीने ही माणसे शत्रुराष्ट्राची. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम सुटले. ते गलबतातून निसटले, कोचीनला पोचले, तेथून पुन्हा मुंबईस आणले गेले. आणि गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांच्याकडे अर्जामागून अर्ज करून शेवटी त्यांनी राहण्याची परवानगी मिळविली. ज्या युद्धामुळे त्यांच्यावर संशय आला त्या युद्धाचा तह बेल्जममधील घेंट शहरी झाला, तो नेमका २४ डिसेंबर १८१४ रोजी. नाताळाच्या पूर्वरात्री सह्या झाल्या. पण खबर समुद्र ओलांडून जाईपर्यंत ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सची लढाई झालीच, आणि दोन हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले, जखमी झाले वा कैद झाले. तह झालेला होता, आणि तरी माणसे मेली. टेबलावर झालेला करार कारखान्याच्या दारापर्यंत पोचला नाही तर काय होते याचा अनुभव आम्हाला आहे. म्हणून ही हकीकत मला कधी विसरता आली नाही.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. नोव्हेंबर १९१२ मध्ये युरोपातील कामगार पक्षांची परिषद स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी भरली. युद्ध झालेच तर कामगारांनी ते थांबवावे, असा ठराव तिने केला. ही परिषद भरली कोठे? बासेलच्या मुख्य चर्चमध्ये. आणि घंटा वाजवून चर्चने कामगारांचे स्वागत केले. म्हणजे ख्रिस्ती आशा आणि कामगारांची आशा एका छपराखाली उभ्या राहिल्या. परंतु ऑगस्ट १९१४ उजाडताच जर्मनीच्या कामगार पक्षाने आपल्या सरकारच्या युद्धखर्चाला मंजुरी दिली, फ्रान्सच्या पक्षानेही तेच केले, आणि दोन्हीकडच्या चर्चमधून आपापल्या सैन्याच्या विजयासाठी प्रार्थना होऊ लागल्या. प्रार्थना निष्फळ झाली म्हणून जो ख्रिस्ती माणसाला हसतो, त्याने बासेलचा ठरावही आठवावा.

त्या वर्षी ७ डिसेंबरला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी युद्ध करणाऱ्या राष्ट्रांना विनंती केली की निदान नाताळापुरत्या तोफा थांबवा. सरकारांनी ती मानली नाही. पण जे सरकारांनी केले नाही ते सैनिकांनी केले. २४ डिसेंबर १९१४ च्या रात्री फ्लँडर्सच्या आघाडीवर अनेक ठिकाणी जर्मन शिपायांनी खंदकाच्या कडेला मेणबत्त्या लावलेली लहान झाडे उभी केली आणि ते गाऊ लागले. समोरच्या ब्रिटिश खंदकातून त्याच चालीवर उत्तर आले. सकाळी माणसे निःशस्त्र बाहेर आली. मधल्या ओसाड पट्ट्यात महिनाभर पडलेली प्रेते दोघांनी मिळून पुरली. तंबाखू आणि कोटाची बटणे यांची अदलाबदल झाली. सुमारे एक लाख सैनिक यात होते असा अंदाज केला जातो. हे सगळीकडे झाले नाही. काही भागांत त्या दिवशीही गोळ्या सुटल्या आणि माणसे पडली. पण आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट अशी की या भेटीगाठींत गढवाल रायफल्सचे हिंदी शिपाईही होते. त्यांचा तो सण नव्हता. समोरच्याचे गाणे त्यांना समजले नसेल. गाणाऱ्याचा हेतू समजला.

इतिहासकार याला तात्पुरता तह म्हणतात. माझ्यासारख्याला त्यात संप दिसतो. मारणे हेच ज्यांचे काम ठरवून दिले होते त्यांनी एक दिवस काम बंद ठेवले. वरिष्ठांनीही तो तसाच ओळखला. जनरल स्मिथ-डोरियन यांनी डिसेंबरच्या आरंभीच शत्रूशी सलगी करू नये असे बजावले होते. पुढच्या वर्षीच्या नाताळात तोफांचा मारा चालू ठेवण्याचे हुकूम आले; आणि १९१५ साली थोडा वेळ असा तह होऊ दिल्याबद्दल कॅप्टन कोल्क्हून या स्कॉट्स गार्ड्सच्या अधिकाऱ्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला. संप का मोडला हे सांगणे कठीण नाही. त्याला समिती नव्हती, मागणी नव्हती, एका खंदकाचा दुसऱ्या खंदकाशी संबंध नव्हता. परंतु तो मुळात का झाला, हे अधिक महत्त्वाचे आहे. तो झाला, कारण दोन्ही बाजूंच्या शिपायांना एक चाल लहानपणापासून पाठ होती. ती त्यांनी युद्धात शिकली नव्हती. शांतीच्या दिवसांत, आईच्या मांडीवर आणि गावच्या चर्चमध्ये शिकली होती. ऐन वेळी कामास आले ते आधी पाठ झालेले गाणे.

याच्या उलट चित्र बरोबर एक वर्षाने दिसले, आणि ते आपल्या माणसांचे आहे. इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ च्या आरंभी जनरल टाउनशेंड यांची फौज तेथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्या फौजेचे नावच सहावी पुणे डिव्हिजन असे होते. आणि तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. २४ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तेथील मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला केला. तोफांनी तट फोडला, आणि पडलेल्या तटाच्या ढिगाऱ्यात संगिनींनी आणि हातबॉम्बांनी झुंज झाली. ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या शिपायांबरोबर १०३ व्या पलटणीचे मराठे तेथे लढले. एका बाजूला कोकणातले आणि देशावरचे शेतकरी, दुसऱ्या बाजूला अनातोलियाचे शेतकरी. मधे पडलेला तट, आणि दिवस नाताळाच्या आदल्या रात्रीचा. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. उपासमारीने फौज शरण गेली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत.

सातारा आणि रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत आजही भिंतीत बसविलेली संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिचा मजकूर असतो. तीवर आकडे असतात. नावे बहुधा नसतात. ऑगस्टसच्या नोंदणीची आठवण मला त्या पाट्या पाहून होते. साम्राज्याने माणसे मोजली, ओळखली नाहीत.

याच महायुद्धाच्या धामधुमीत महाराष्ट्रातल्या एका ख्रिस्ती माणसाने वेगळीच गोष्ट आरंभिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. मिशनचा पगार त्यांनी सोडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक ख्रिस्ताचे भक्त म्हणून एकत्र बसू शकत होते. वहीत नाव आहे की नाही हे न विचारता माणसाला बसावयास जागा द्यावयाची, हा त्यातला मुख्य विचार. १९१९ च्या ९ मे रोजी टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. तरीही मेंढपाळांची शांती मराठीत कशी दिसते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपल्या गावात येऊ. सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, मांग गारुडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा भटक्या जमातींतील मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. त्यांना तारेच्या कुंपणाआड वसविण्यासाठी ज्या वसाहती झाल्या त्यांतील एक मोठी वसाहत सोलापूरची. तिचा कारभार सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे दिला; आणि मिशनने तिला नाव दिले 'उमेदपूर'. उमेद म्हणजे आशा. विश्वास, आशा आणि प्रीती या ख्रिस्ती त्रयीतील मधला शब्द सोलापुरात तारेच्या कुंपणावर लागला.

येथे न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. मिशनच्या लोकांनी तेथे शाळा चालविली, मुलांना हस्तव्यवसाय शिकविले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्यांना गावाने पाण्यावरही उभे केले नव्हते त्यांना अक्षर शिकविले. हे काम लहान नव्हे. परंतु रोजची हजेरी चुकत नव्हती, परवान्याशिवाय बाहेर पडता येत नव्हते, आणि ही माणसे गिरणीत कामाला जात ती हजेरी देऊन आणि परत येत तीही हजेरीलाच. भोंगा सर्व कामगारांना सारखाच होता. पण बाकीचे कामगार सुटल्यावर घरी जात, हे कुंपणात जात. त्या शाळेत मेंढपाळांची कथा सांगितली गेली नसेल असे मानणे कठीण आहे. आणि ती सांगून झाल्यावर संध्याकाळी ऑगस्टसची वही उघडली जाई. तेथे शांतता पुरेपूर होती. शांती तारेबाहेर उभी होती.

या वसाहतीतून ज्यांची वागणूक समाधानकारक ठरे त्यांना बाहेरच्या वस्तीत राहावयास मिळे. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव आजही सोलापुरात आपण रोज उच्चारतो, पत्त्यात लिहितो. 'फ्री' म्हणजे मोकळी. ज्या गावात वस्तीला मोकळी असे नाव मुद्दाम द्यावे लागले, त्या गावाने आपल्या नकाशाकडे एकदा निरखून पाहावे. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. माझ्या मते सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींनीही तो पाळावा. कारण उमेदपूर हे नाव खरे ठरले ते त्या दिवशी.

सम्राटाची शांतता सोलापूरने सर्व शहराला मिळालेलीही पाहिली आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर येथे उठाव झाला, गोळीबार झाला, आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. गांधीटोपी घालणे आणि तिरंगा लावणे यांसाठी शिक्षा झाल्या. शहर शांत झाले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. तेव्हाच्या सरकारी कागदांत त्याचेही नाव शांतता आणि सुव्यवस्था असेच असणार.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की शांतीची भाषाच फोल आहे. तसे मला वाटत नाही. ज्यांच्या प्रार्थनेत हिशेब असतो त्यांची प्रार्थना फोल नसते. आणि याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत जागतिक कॅथलिक परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. चीनशी झालेल्या युद्धाला दोन वर्षे झाली होती. चीनने पहिला अणुस्फोट त्याच ऑक्टोबरात केला होता. नेहरू मे महिन्यात निवर्तले होते. पोपनी नुसता आशीर्वाद दिला नाही. ४ डिसेंबरला मुंबईत वृत्तपत्र प्रतिनिधींमार्फत त्यांनी सर्व राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रांची शर्यत थांबवा, आणि लष्करी खर्चाचा निदान एक भाग भुकेल्यांसाठी एका जागतिक निधीत द्या. १९६७ साली त्यांनी हीच मागणी आपल्या परिपत्रकात पुन्हा मांडली. प्रार्थनेला त्यांनी मागणीपत्रकाचे रूप दिले, असे मी म्हणेन; आणि मागणीपत्रकाची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

ती मागणी आजवर मान्य झालेली नाही. २०२४ साली जगाचा लष्करी खर्च सुमारे २,७१८ अब्ज डॉलर झाला, असे स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेने मोजले आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या नाताळात, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये, गाझातील युद्धामुळे खुद्द बेथलेहेममध्ये सणाचा समारंभ रद्द करण्यात आला. तेथील एका लुथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती गव्हाणीऐवजी पडक्या घराच्या दगडमातीत ठेविली होती. जेथे शांतीचे वर्तमान प्रथम सांगितले गेले तेथे दिवे लागले नाहीत. लूकची कथा त्या वर्षी जितकी जशीच्या तशी सांगितली गेली तितकी क्वचितच सांगितली गेली असेल.

मग आशा कशाची धरावयाची? सोलापूरकरांना याचे उत्तर परगावाहून आणावयास नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस येथे १९१० साली जन्मले. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करीत राहिले. ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले त्याचे नाव बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालय. हे नाव कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांचे. ते स्वतः साम्यवादी, आणि त्यांचे वडील प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री. पाद्र्याचा साम्यवादी मुलगा आणि सोलापूरचा हिंदू डॉक्टर यांचे काम चीनच्या एका खेड्यात एकत्र आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस तेथेच वारले. युद्ध त्यांना थांबविता आले नाही. पण शांती हा शब्द त्यांनी रुग्णालयाच्या पाटीवरून माणसाच्या जखमेपर्यंत नेला.

प्रार्थनेचा उपयोग काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. प्रार्थनेने तोफ थांबत नाही. तोफ चालविणारा माणूस थांबू शकतो. पण तो थांबण्यासाठी समोरच्या माणसाबरोबर त्याला म्हणता येईल असे काही तरी आधीपासून पाठ असावे लागते. नाताळाची प्रार्थना हे ते पाठांतर आहे. ते एका धर्मापुरते राहिले तर १९१४ च्या रात्रीसारखे एक रात्र टिकेल. त्याला संघटना, मागणी आणि हिशेब यांची जोड मिळाली तर अधिक टिकेल. आपल्या गावात माग चालविणारा तेलुगू बोलतो, शेजारचा कन्नड, तिसरा उर्दू, चौथा मराठी. आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या एका ओळीत चारही भाषा ऐकू येतात. या माणसांना एक चाल पाठ नसेल तर दंगलीच्या रात्री ती कोठून आणणार? आम्ही संघटनेत कामावरच्या लहानसहान तक्रारींसाठी या सर्वांना एका सतरंजीवर बसवितो, एकमेकांच्या सणाला एकमेकांच्या घरी पाठवितो, तेव्हा काही लोक म्हणतात, हा वेळ फुकट गेला. मजुरी वाढली का? मजुरीही वाढते, पण हा वेळ त्यासाठीच खर्च केलेला नसतो.

येत्या डिसेंबरात थंडी पडेल, चर्चची घंटा होईल आणि पुन्हा जगाच्या शांतीसाठी प्रार्थना होईल. जे ख्रिस्ती आहेत त्यांना माझी नम्र विनंती अशी की त्या प्रार्थनेत कुतच्या तटाखाली पडलेल्या बिननावाच्या मराठ्यांची आणि उमेदपुरात हजेरी दिलेल्या माणसांची आठवण असू द्यावी. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी त्या दिवशी एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जावे आणि ती चाल ऐकून घ्यावी. गढवालच्या शिपायांना ती येत नव्हती; तरीही ते खंदकातून बाहेर आले.